तसबिरीच्या वरच्या दोन ओळी

पत्र (थोडक्यात):

प्रिय अक्का,
माझं वय 57. वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहते. मिस्टर जहाजावर होते, आता निवृत्त होऊन घरी आहेत. मुलगा दुबईला, मुलगी वसईला दिली. देवाच्या दयेनं कशाला कमी नाही. झोप लागते, जेवण जातं, नातीला व्हिडिओवर बघितलं की हसूही येतं. पण आतून कोरडं वाटतं. रोज चर्चमध्ये मिस्साला जाते, संध्याकाळी रोझरीची जपमाळ चुकवत नाही. मागच्या वर्षी प्रार्थनेचं रिट्रीट करून आले. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आमच्या हॉलमध्ये ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ अशी तसबीर आहे. तिची काच पुसताना रडू येतं. ईस्टरनंतर फादर प्रवचनात म्हणाले, ख्रिस्ती माणसाचा आनंद टिकाऊ असतो, तो कोणी काढून घेऊ शकत नाही. मग माझा कोणी नेला? मिस्टर दिवसभर मोबाइलमध्ये. मुलाचा फोन आठवड्यातून एकदा. पूर्वी मे महिन्यात क्रुसाकडच्या लादीनींना मी सेकंड म्हणायची, तेही तीन वर्षं सोडलं, कारण फर्स्ट आमची धाकटी जाऊ म्हणते. बाकी काही नाही. माझी श्रद्धाच खोटी आहे का? कुठली नोवेना करू?
— एक भगिनी, ता. वेंगुर्ला

उत्तर:

गो बाय,

तुझं मूळ पत्र चार पानी आहे. त्यात मिस्टरांच्या मोबाइलला एक अख्खं पान आहे, मुलाच्या फोनला पाऊण. रिट्रीटमधल्या जेवणालासुद्धा चार ओळी मिळाल्या आहेत. जावेला मिळाली अर्धी. आणि ती अर्धी ओळ संपते न संपते तोच, ‘बाकी काही नाही’. लोकांची पत्रं वाचून वाचून मला एवढं कळलंय की ‘बाकी काही नाही’ हे शब्द आले की मागचं वाक्य पुन्हा वाचायचं.

नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोवेना कुठलीच करू नकोस. आधी त्या लादीनीचं बोलू.

इतर वाचकांना लादीन ठाऊक नसेल, म्हणून सांगते. मे महिन्यात मुंबईकर घरी आले की तळकोकणातल्या ख्रिस्ती वाड्यांवरच्या क्रुसांना रंग लागतो, माळा चढतात, मेणबत्त्या लागतात. संध्याकाळी वाडा जमतो. कोणीतरी व्हायोलिन काखेत मारून येतो. मग पवित्र मारियेच्या एकेका नावाचा पुकारा होतो आणि मागून सगळे ‘ओरा प्रो नोबिस’ म्हणतात. लॅटिन एकालाही येत नाही, पाठ सगळ्यांना असतं. शेवटी उकडलेले चणे आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे हातावर पडतात, आणि बाप्ये मंडळींसाठी क्रुसाच्या मागच्या अंगाला आणखीही काहीतरी असतं, ज्याबद्दल बायकांनी विचारायचं नसतं.

यात फर्स्ट म्हणजे वरचा सूर, चालीचा. सेकंड त्याच्या खालून जातो. फर्स्ट एकटीनं म्हणता येतं, सेकंड नाही येत. घरी भांडी घासताना सेकंड म्हणून बघ, कसली चाल आहे हे तुझं तुलाच कळणार नाही. सेकंड म्हणणारीचा एक कान सतत पहिलीकडे लागलेला असतो: ती कुठे थांबते, कुठे श्वास घेते, कुठला सूर आज जरा चढा लावलाय. तू वर्षानुवर्षं त्या बाईच्या श्वासावर श्वास टाकत आलीस. आणि तीन वर्षांपूर्वी एका मे महिन्यात ते बंद केलंस, आणि हे तू मला नवऱ्याचा मोबाइल आणि मुलाचा फोन यांच्या शेपटाला बांधून कळवतेस!

तिनं काय केलं, ते तू लिहिलं नाहीस. लिहूही नकोस. कोकणात भावकीची भांडणं कशावरून होतात हे मला माहीत नाही असं थोडंच आहे? सातबाऱ्यावर नाव लागलं किंवा लागलं नाही, सासूच्या बांगड्या एकीकडेच गेल्या, हद्दीवरच्या कलमाचे आंबे कोणी उतरवले, विहिरीवरच्या पंपाचं बिल कोणी भरलं. तुझं यातलंच एखादं असेल. आणि चूक सोळा आणे तिचीच असेल, मी धरून चालते. त्यानं माझ्या उत्तरात काडीचा फरक पडत नाही.

आता त्या तसबिरीकडे ये. ते वचन बायबलातल्या, प्रेषित पौलानं फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेल्या ‘फिलिप्पैकरांस पत्रा’च्या चौथ्या अध्यायातलं, चौथं. तसबिरी विकणारे तेवढंच छापतात, कारण तेवढंच खपतं. त्याच्या वरची दोन वचनं कधी वाचलीस? बायबल उघडून बघ. दुसऱ्या वचनात पौल दोन बायकांची नावं घेतो, युवदीया आणि सुंतुखे, आणि त्यांना विनवतो की प्रभूमध्ये एकचित्त व्हा. तिसऱ्यात तो आपल्या एका सहकाऱ्याला सांगतो की या दोघींना मदत कर, यांनी सुवार्तेसाठी माझ्याबरोबर कष्ट काढले आहेत. आणि लगेच चौथं: प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.

दोघी कामाच्या बायका होत्या, देवळाच्या मागच्या बाकावर बसून डुलक्या काढणाऱ्या नव्हेत. कशावरून बिनसलं होतं, हे पौल लिहीत नाही. कोण बरोबर, कोण चूक, तेही नाही. ‘विनंती करतो’ हे मात्र दोघींना वेगवेगळं म्हणतो, एकदा हिला, एकदा तिला, म्हणजे एकीला कमी एकीला जास्त असं व्हायला नको. त्या काळी अशी पत्रं मंडळीसमोर मोठ्यानं वाचून दाखवत. मला नेहमी वाटतं, त्या दिवशी युवदीया एका टोकाला बसली असेल आणि सुंतुखे दुसऱ्या टोकाला, आणि सगळ्यांच्या माना आधी इकडे, मग तिकडे वळल्या असतील. जवळजवळ दोन हजार वर्षं झाली. त्यांचं भांडण कशाचं होतं हे आजतागायत कोणालाही ठाऊक नाही. जे वचन तू रोज फडक्यानं पुसतेस, ते असं दोन अबोला धरलेल्या बायकांच्या पाठोपाठ आलेलं आहे.

आणि लिहिणारा कुठे होता? तुरुंगात. सुटका होणार की जीव जाणार, हेही नक्की नव्हतं. त्याच पत्रात तो सांगतो की मी बंधनात असताना काही जण निव्वळ माझ्या हेव्यानं, मला आणखी त्रास व्हावा म्हणून ख्रिस्ताची घोषणा करत सुटले आहेत, पण घोषणा होतेय ना, मग मला त्यात आनंदच आहे. असा माणूस ‘सर्वदा आनंद करा’ म्हणतो तेव्हा तो ‘चेहरा हसरा ठेवा’ म्हणत नसतो. त्या फिलिप्पै गावातच, इसवी सन 50 च्या आसपास, त्याला आणि त्याचा सोबती सीला याला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं होतं. मध्यरात्री ते दोघं काय करत होते? गात होते. बाकीचे कैदी ऐकत होते. पाठ सोललेली असताना ते खुशीत असतील असं मला काही वाटत नाही. पण दोघं होते, आणि एकानं सूर धरल्यावर दुसऱ्यानं तोंड मिटून घेतलं नाही.

फादर म्हणाले तेही खरंच आहे. ‘तुमचा आनंद तुमच्यापासून कोणी काढून घेणार नाही’ हे येशूनं शेवटच्या भोजनाच्या रात्री सांगितलं, पकडून नेण्याआधी काही घटका. त्याच दमात त्यानं हेही सांगितलं की तुम्ही रडाल, शोक कराल. तेव्हा रडू येतं म्हणून श्रद्धा खोटी, हा हिशेब तू कुठून आणलास? आपला मित्र लाजर याच्या कबरीशी येशू स्वतः रडला. पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या आपल्या प्रबोधनपत्रात काही ख्रिस्ती लोकांना जरा चिमटा काढला होता, की यांचं जगणं ईस्टर नसलेल्या उपवासकाळासारखं दिसतं. पण पाठोपाठ त्यांनी लिहिलं की दुःखाच्या दिवसांत आनंदाचं रूप बदलतं, तो अगदी मिणमिणता होतो, तरी राहतो. कारण त्याच्या मुळाशी आपल्यावर कोणीतरी अपार प्रेम करतं ही खात्री असते.

त्याच रात्री येशू थोडं आधी काय बोलला, तेही बघ. योहान, अध्याय पंधरा, वचन अकरा: तुमचा आनंद पूर्ण व्हावा म्हणून मी हे सांगितलं आहे. वचन बारा: जशी मी तुमच्यावर प्रीती केली तशी तुम्ही एकमेकांवर प्रीती करा, ही माझी आज्ञा आहे. इथंही आनंदाच्या शेजारी कोण बसलंय बघितलंस? तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस मोठे काटेकोर गृहस्थ होते, प्रत्येक सद्गुणाला त्याची जागा ठरवून देणारे. आनंद हा वेगळा सद्गुण आहे का, या प्रश्नाला त्यांनी सरळ नाही म्हटलं. आनंद प्रेमातून निघतो, त्याला स्वतंत्र खातं नाही. तू आनंदासाठी रोझरी म्हणतेस, आनंदासाठी रिट्रीटला जातेस, आता आनंदासाठी नोवेना मागतेस. जिथून तो येतो ते दार मात्र तीन वर्षं आतून कडी लावून ठेवलंयस.

कोणी नेला म्हणून विचारतेस? कोणी नेला नाही गो. तो काढून घ्यायला कोणाला परवानगी नाही, पण आपणच उठून निघून जायला कोणाची बंदी नाही.

मिस्टरांचं सोड. जन्मभर समुद्रावर राहिलेला माणूस जमिनीवर रुळायला वेळ घेतो, आणि तू बोलायला लागलीस तर तोही मोबाइल खाली ठेवील. मुलगा आठवड्यातून एकदा न चुकता फोन करतो, याला तक्रार म्हणायची? असा मुलगा मिळावा म्हणून वेलांकणीला नवस बोलणाऱ्या बायका मला पत्रं लिहितात. आणि झोप-जेवण तुटलं असतं, नातीला बघूनही काही वाटलं नसतं, तर मी तुला आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तुझं तसं दिसत नाही. पुढे तसं झालंच तर प्रार्थना वाढवत न बसता थेट डॉक्टरांकडे जा.

तेव्हा एकच काम. यंदाच्या पहिल्या लादीनीला जायचं, जावेच्या डाव्या-उजव्या जिथे उभी राहायचीस तिथेच उभं राहायचं, आणि तिनं फर्स्ट उचललं की सेकंड धरायचं. एवढंच.

‘आधी ती बोलू दे’ असं तुझ्या ओठावर आलंच असेल. ती बोलणार नाही. तिलाही तीन वर्षं झालीत, आणि तिच्याकडेही तुझ्यासारखीच एक चार पानी यादी आहे. ‘मनातून वाटत नसताना कशी म्हणू, ते ढोंग होईल’ असंही म्हणशील. मग मला सांग, ‘ओरा प्रो नोबिस’ आजवर दर वेळी मनातून म्हटलंस? निम्म्या वेळा डोक्यात चुलीवरचे चणे असतात. तरी प्रार्थना होते. ‘आमच्यासाठी विनंती कर’ असाच त्याचा अर्थ आहे, आणि त्या ‘आमच्यात’ ती धरलेली आहे, तुला आवडो न आवडो.

माफी मागायची नाही, द्यायचीही नाही, जुनं काढायचं नाही. ते नंतर कधी होईल तर होईल, आणि सातबाऱ्याचं असेल तर तलाठ्याकडे जाऊनच होईल. दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी उरकायला जाऊ नकोस. पहिल्या दिवशी ती तुझ्याकडे बघणारही नाही कदाचित. सूर मुद्दाम चढा लावील. लावू दे, तू खालून जातेस, तुला काय? वाडा बघेल, कुजबुजेल. चार बायका घरी जाऊन नवऱ्यांना सांगतील. तेवढी करमणूक त्यांना देऊन टाक.

आणि तीन वर्षांत गळा गंजला असेल, म्हणून आजपासून सकाळी मागल्या दारी थोडा आवाज मोकळा करत जा. सेकंड एकटीनं बसवता येणार नाही, तेव्हा व्हायोलिनवाल्याला गाठ आणि त्याच्याकडून फर्स्ट वाजवून घे. गावात व्हायोलिनवाला म्हणजे वर्तमानपत्रच. तू विचारलंस हे दुपारपर्यंत जावेच्या कानावर गेलेलं असेल, तेही बरंच आहे. आणि पहिल्या लादीनीचे चणे या खेपेला कोणाच्या घरी आहेत, ते विचारून ठेव. तिच्याकडे असले तर चार वाजताच जा आणि विळी पुढे ओढून खोबरं कापायला बस.

तुझी,
अक्का