आधी पोराशी बोला, मग हिऱ्यातल्या दोषाचं बघू

निपाणीचे एक सराफ लिहितात: पोरगा पीयूसी सेकंड इयर सायन्सला (म्हणजे बारावीला) आहे, फर्स्ट इयरला फिजिक्समध्ये ९१ पडले, आता त्याला हिऱ्यातल्या दोषांवर चालणाऱ्या क्वांटम टेक्नॉलॉजीत जायचंय. 'तीन पिढ्या आम्ही दोषाचा माल पेढीवर ठेवला नाही आणि हा त्याचंच शिकणार.' साडूच्या मुलासारखं कंप्युटर सायन्स करून बेंगळुरूला लाग म्हटलं तर ऐकत नाही, म्हणून वीस दिवस अबोला.

दादा, मार्कांची काळजी सोडा. तुम्ही जेवून उठलात की मगच त्याचं ताट वाढतात, काही सांगायचं तर वहिनींकरवी सांगता, हे वाचून फार वाईट वाटलं. परीक्षा तोंडावर आलेलं सतरा वर्षांचं पोर स्वतःच्या घरात चोरासारखं जेवतंय, त्याच्या डोक्यात अभ्यास शिरणार कसा? ही शिस्त नव्हे, जाच आहे. आणि साडूच्या मुलाचं नाव घरात काढणं आजपासून बंद करा.

दोषाचं म्हणाल तर तुमच्या भिंगात दिसतो तो काळा डाग वेगळा. हा अणूएवढा असतो, कार्बनच्या एका जागी नायट्रोजन बसतो आणि शेजारची जागा रिकामी राहते, त्याला एनव्ही सेंटर म्हणतात. हिरवा लेसर मारला की तिथून लाल उजेड येतो, २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपास मायक्रोवेव्ह सोडले की तो मंदावतो, आणि जवळचं चुंबकीय क्षेत्र बदललं की मंदावण्याची फ्रिक्वेन्सीही सरकते, त्यावरून अगदी बारीक चुंबकीय क्षेत्र मोजता येतं, तेही साध्या खोलीच्या तापमानाला. नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये २०१५ साली १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन एकमेकांशी क्वांटम नात्याने जोडून दाखवले. यासाठी हिरे बहुतेक लॅबमध्येच वाढवतात आणि हा दोष त्यात मुद्दाम घालतात. इथे दोष हाच माल आहे हो!

रस्ते नेहमीचेच, आयसर या सरकारी विज्ञान संस्थांची परीक्षा, जेईई, नाहीतर बेळगावात बीएस्सी फिजिक्स करून एमएस्सीसाठी जॅम ही परीक्षा, कर्नाटकातल्या इंजिनिअरिंगसाठीची केसीईटीही देऊ दे. सरकारच्या २०२३ च्या क्वांटम मिशनमध्ये सेन्सिंगचं, म्हणजे अशा बारीक मोजमापाचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. पण संशोधनात जायचं तर पीएचडीशिवाय भागत नाही, म्हणजे इथून पुढे दहा वर्षं धरा, तोवर पॅकेज किती असं विचारायचं नाही. आणि त्याला थिअरीपेक्षा लेसर, सर्किट जुळवण्यात जास्त रस असेल तर इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग करूनही या लॅबमध्ये जाता येतं, तेव्हा नेमकं काय आवडतं ते त्यालाच लिहू दे, पुढचं पत्र मला त्याच्याकडून हवंय.

आज पेढी बंद केलीत की भिंग खिशात टाकून घरी जा, दोघं एकत्र जेवायला बसा आणि त्याला विचारा, तुझा तो दोष यातून का दिसत नाही रे?