वाचक विचारतात: वाशाचा कोन किती?

प्रश्न: जुनं छप्पर उतरवून नव्याने मंगळुरी कौलं घालतोय. भिंतीपासून आढ्याच्या बरोबर खालपर्यंत आडवं अंतर 9 फूट, तिथून आढ्याची उंची 5 फूट 6 इंच. वाशाचा कोन काढायला मुलाचा कॅल्क्युलेटर घेतला, तर एकदा 0.0107 आलं आणि एकदा 0.5485. यातलं खरं कुठलं?
— एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर: एकही नाही. कोन 31.43 अंश आहे. पण चुकलेल्या आकड्यांवरून काय दाबलं गेलं ते कळतं. 0.0107 आलं तेव्हा शिफ्ट न दाबता नुसतं टॅन दाबलंत. म्हणजे उंची भागिले आडवं अंतर या गुणोत्तरालाच कोन समजून त्याचा टॅन काढला गेला. 0.5485 हा कोन बरोबरच आहे, फक्त अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात. पडद्यावर ‘आर’ऐवजी ‘डी’ अक्षर दिसेल असा मोड लावा.

आधी सगळं इंचात करा: उंची 66, आडवं अंतर 108. 5 फूट 6 इंच म्हणजे 5.6 फूट नव्हे, 5.5, इथे भले भले घसरतात. वासा हा कर्ण. तो अजून मोजलेला नाही, म्हणून समोरची बाजू भागिले लगतची बाजू, म्हणजे टॅन. 66 ÷ 108 = 0.6111. आता शिफ्ट, टॅन, 0.6111, बरोबर. या 31.43 ला 31 अंश 43 मिनिटं म्हणू नका, 0.43 × 60 केलं की 26 मिनिटं होतात.

मोठा घोळ मात्र मापात होतो. भिंतीबाहेरची वळचण 2 फूट असेल आणि ती आडव्या अंतरात धरलीत, पण उंची भिंतीपासूनचीच ठेवलीत, तर 66 ÷ 132 = 0.5, कोन 26.57 अंश. जवळजवळ पाच अंश कमी! आपल्याकडच्या वाऱ्यापावसात एवढ्या कमी उतारावर पाणी कौलांखाली शिरायला वेळ लागत नाही. वासा भिंतीवर जिथे टेकतो तिथूनच दोन्ही मापं घ्या. वळचण फक्त लांबीत वाढवायची: भिंतीपासून आढ्यापर्यंत 10 फूट साडेसहा इंच, वळचणीसह 12 फूट पावणेअकरा इंच.

आणि सुताराला 31.43 सांगून उपयोग नाही. कंपासपेटीतल्या कोनमापकावर अर्धा अंश चुकला तरी आढ्यापाशी इंचभर फरक पडतो. 66 ला 108 म्हणजेच 11 ला 18. फळीवर गुण्याने काटकोन आखा, एका बाजूवर 11 इंच, दुसरीवर 18 इंच, टोकं जोडा. 18 इंचांच्या बाजूकडचा कोन भिंतीवरच्या खाचेचा, 11 कडचा (58.57) आढ्याला भिडणाऱ्या तिरक्या कापाचा.

प्रश्न: 13 फुटी शिडीचा पाय भिंतीपासून 5 फुटांवर आहे. जमिनीशी होणारा कोन काढताना कॅल्क्युलेटर ‘एरर’ का दाखवतो?
— दहावीची विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर: तू 13 ÷ 5 केलंस. कर्ण नेहमी छेदात. त्याच्याइतकी लांब दुसरी बाजू नसते, म्हणून साईन-कोसाईन 1 च्या वर जात नाहीत आणि 2.6 ला कोनच सापडत नाही. 5 ÷ 13 = 0.3846, शिफ्ट, कॉस, उत्तर 67.38 अंश. टॅनमध्ये भागाकार उलटा झाला तर एरर येत नाही, गुपचूप दुसरा कोन येतो. तेव्हा आकृतीकडे बघ: समोरची बाजू लगतच्या बाजूपेक्षा लहान असेल तर कोन 45 च्या आतच हवा.