प्रत्येक विमा योजनेचा अर्ज वेगळा आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये सगळा अर्ज एक्सएमएल (टॅगांनी बांधलेला मजकूर) कॉलममध्ये ठेवू की टेबलांत तोडू?

हप्त्याची रक्कम आणि देय तारीख साध्या कॉलममध्ये ठेवा. बाकीचा अर्ज एक्सएमएलमध्ये टाकलात तरी माझी हरकत नाही.

२००८ साली पुण्यात अशाच एका विमा प्रकल्पावर होतो. एसक्यूएल सर्व्हर २००५ मध्ये एक्सएमएल हा वेगळा डेटाटाइप आला होता आणि आमचे लीड त्यावर फिदा होते. म्हणून अख्खी पॉलिसी एकाच कॉलममध्ये! "कॉलम वाढवा म्हणून डीबीएच्या (डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या) पाया रोज कोण पडणार?" असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सर, निदान हप्ता आणि तारीख तरी बाहेर ठेवू. "तू अजून फॉक्सप्रोतच अडकलायस," हे सगळ्यांसमोर. (फॉक्सप्रो म्हणजे जुना डेटाबेस; त्याला मी आयुष्यात हात लावलेला नाही.)

मग आला मार्चअखेरचा थकीत हप्त्यांचा रिपोर्ट. लाखावर पॉलिसी, आणि प्रत्येकीचं एक्सएमएल उलगडून व्हॅल्यू मेथडने (एक्सएमएलमधून एकच किंमत काढून देणारी सोय) तारीख काढायची. रात्री नऊला लावलेली क्वेरी सकाळचा चहा आला तरी चालूच. मग शोध वेगवान व्हावा म्हणून प्रायमरी एक्सएमएल इंडेक्स टाकला. तो काय करतो, तर एक्सएमएलमधला एकूण एक नोड (टॅग, त्यातली किंमत वगैरे) आतल्या एका टेबलात ओळीओळीने मांडतो. वेग आला, डिस्क भरली. टेबलांत तोडायचं नाही म्हणून एवढा खटाटोप, आणि शेवटी सर्व्हरनेच तोडलं की!

त्यात एका शाखेच्या पॉलिसी रिपोर्टमध्ये दिसेचनात. त्यांच्या फाइलींत डिफॉल्ट नेमस्पेस (टॅगांच्या नावांना लागणारं जणू आडनाव) होती, आमच्या क्वेरीत ती जाहीर केलेली नव्हती. एरर वगैरे काही नाही, नुसतं नल, म्हणजे रिकामं उत्तर. दोन दिवस त्यात गेले.

शेवटी दोन कॉलम वाढवले, अर्ज सेव्ह होतानाच ते भरले, त्यांवर साधा इंडेक्स. मी पहिल्या दिवशी सांगितलेलेच दोन. क्लायंटच्या स्लाइडवर त्याला 'हायब्रिड डिझाइन' म्हटलं होतं, आणि खाली नाव सरांचं.

तेव्हा ज्यावर शोधायचं, बेरीज करायची किंवा दुसऱ्या टेबलाशी जॉइन लावायचा, ते बाहेर. जे नुसतं उघडून वाचायचं, ते आत. कुठल्या फील्डवर उद्या रिपोर्ट मागतील हे तुमच्या लीडला नाही, अकाउंट्सवाल्यांना विचारा.

हां, एक राहिलंच. अर्जावर डिजिटल सही असेल तर मूळ फाइल व्हारबायनरी कॉलममध्ये (बाइट्स न बदलता साठवणारा डेटाटाइप) जशीच्या तशी ठेवा. एक्सएमएल टाइप अनावश्यक मोकळ्या जागा गाळतो, नेमस्पेसचे प्रीफिक्सही जपत नाही, आणि मग सही जुळत नाही.