लेबनीज रेस्टॉरंटची चेन आणि कराडचं घर

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट करून लंडनला मास्टर्ससाठी गेली. शिकता शिकता ती तिथल्या एका लेबनीज रेस्टॉरंटमध्ये टेबलं पुसते, ऑर्डरी घेते. आता म्हणते, नोकरी शोधत बसणार नाही. पुण्यात येऊन लेबनीज खाण्याची चेन काढणार, तीन वर्षांत पाच शाखा. त्यासाठी घर तारण ठेवून 40 लाखांचं कर्ज काढा, असा आग्रह आहे. लंडनच्या ‘कोंत्वार लिबाने’ या चेनचं उदाहरण देते. मी निवृत्त शिक्षक. आम्ही ना लेबनीज, ना हॉटेलवाले. काय करावं?
– एक वडील, कराड

उत्तर : नमस्कार सर,

घर तारण ठेवू नका. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. पण मुलीला उडवूनही लावू नका. तिने उदाहरण फार चांगलं निवडलंय, फक्त त्याची सुरुवात वाचायची राहिली आहे.

‘कोंत्वार लिबाने’चं पहिलं रेस्टॉरंट 2008 मध्ये लंडनच्या विगमोर स्ट्रीटवर उघडलं. ते काढणारे टोनी किटूस लेबनीज नाहीत, अल्जीरियाचे आहेत. तेव्हा ‘आम्ही लेबनीज नाही’ ही काळजी सोडून द्या. किटूस 1988 मध्ये, अठरा वर्षांचे असताना लंडनला आले. सुरुवातीच्या रात्री व्हिक्टोरिया स्टेशनवर काढल्या, मग रेस्टॉरंटांमध्ये पडेल ते काम केलं. बाविसाव्या वर्षी स्वतःचं पहिलं रेस्टॉरंट काढलं. पुढे लेव्हांट, पाशा, केन्झा अशी वेगवेगळी रेस्टॉरंटं चालवली आणि त्यानंतर चेनला हात घातला. 1988 ते 2008, वीस वर्षं झाली. मुलगी टेबलं पुसते हे लिहिताना तुम्हाला वाईट वाटलंय, ते मला समजतं. पण या धंद्याची शाळा तिथूनच सुरू होते आणि ती आत्ता त्या शाळेत आहे.

लंडनला हे खाणं नवं नव्हतं. लेबनॉनमध्ये 1975 ते 1990 यादवी युद्ध चाललं, माणसं देशोधडीला लागली आणि जिथे गेली तिथे आपलं जेवण घेऊन गेली. एजवेअर रोडवर ‘मारूश’ हे लेबनीज रेस्टॉरंट 1981 मध्येच सुरू झालं होतं. किटूसनी वेगळं काय केलं? ते खाणं त्यांनी रोजच्या खिशाला परवडेल असं, सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत मांडलं. रंगीत टेबलं, भिंतीवर जुन्या अरबी सिनेमाच्या काळातली वाटावी अशी नटीची तसबीर, फडताळावर विकायला मसाले आणि बरण्या. एकटा माणूस लॅपटॉप घेऊन बसला तरी चालेल, कुटुंब आलं तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट. लेबनीज जेवण चेनला का मानवतं, हे मुलीला विचारा. हमस (छोले आणि तिळाचं वाटण), बाबा गनूश (आपल्या भरताचा तिळाच्या वाटणातला भाऊ), लबने (चक्क्यासारखं घट्ट दही) हे पदार्थ थंडच वाढतात, आधी करून ठेवता येतात. त्यामुळे ते एका मध्यवर्ती स्वयंपाकघरात करून शाखांना पाठवता येतात. ‘कोंत्वार’नेही तेच केलं. शाखेत उरतं ते ग्रिल, तळण, पाव गरम करणं आणि मांडणी. मग प्रत्येक शाखेत नामांकित शेफ लागत नाही, स्वयंपाकघर लहान चालतं, भाडं वाचतं. एकच भाजलेलं वांगं, एकच ताहिनी, म्हणजे तिळाचं वाटण, चार पदार्थांत फिरते, म्हणून माल कमी वाया जातो. चेन उभी राहते ती या हिशोबावर. माझ्याकडे आलेल्या एका मुलाची पहिली शाखा तुफान चालली. दुसरीत हमस मामा करायचा आणि चव रोज निराळी. आठ महिन्यांत शटर खाली आलं.

आणि तिने कदाचित न पाठवलेला भाग. ‘कोंत्वार’ची कंपनी जून 2016 मध्ये लंडनच्या एआयएम या लहान कंपन्यांच्या शेअर बाजारात 50 पेन्सला एक शेअर या भावाने नोंदली गेली. त्याच महिन्यात ब्रेक्झिटचं मतदान झालं, पाउंड घसरला, आयात माल महागला. भाडं, स्थानिक कर, किमान वेतन वाढतच होतं, आणि सगळ्यांनी एकाच वेळी शाखा वाढवल्या होत्या. 2019 मध्ये जेमी ऑलिव्हरसारख्या घराघरांत माहीत असलेल्या शेफची इटालियन चेनसुद्धा दिवाळखोरीत गेली. ‘कोंत्वार’ टिकली, पण शेअर नोंदणीच्या किमतीच्या खूप खाली आला आणि काही शाखा बंद कराव्या लागल्या. खाणं तेच होतं, चव तीच होती. जागेचे दीर्घ मुदतीचे करार मात्र गळ्यात होते. म्हणून ‘तीन वर्षांत पाच’ हा आकडा मला भीतिदायक वाटतो.

तर मी असं सुचवेन. विद्यार्थी व्हिसावर तिला सत्रात आठवड्याला 20 तासच काम करता येतं आणि स्वतःचा व्यवसाय करता येत नाही. शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो; मास्टर्ससाठी तो दोन वर्षांचा आहे, 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना 18 महिन्यांचा. ती तारीख तिने आजच वहीत लिहावी. या काळात तिने ब्रँडेड हॉटेलातली रिसेप्शनची नोकरी शोधू नये. एखाद्या चेनमध्ये सहायक व्यवस्थापक व्हावं आणि हट्टाने तीन ठिकाणी शिरकाव करावा : मध्यवर्ती स्वयंपाकघर, माल खरेदी आणि नवी शाखा उघडणारी टीम. शाखा उघडताना काय काय बिघडतं हे जिने दोनदा जवळून पाहिलंय, तिला कुणी वर्गात शिकवायची गरज नाही. तिळाच्या ॲलर्जीची नोंद तिथे किती काटेकोरपणे ठेवतात, हेही तिने नीट पाहावं. या जेवणात तीळ सगळीकडे आहे.

परत आल्यावर पुण्यात सुरुवात भाड्याच्या लहान स्वयंपाकघरातून, घरपोच ऑर्डरींवर. तुम्हाला मदत करायचीच असेल, तर बुडली तरी रात्रीची झोप उडणार नाही एवढीच रक्कम द्या, आणि ती द्यायच्या आधी एक काम सांगा. एका थाळी हमसला छोले, ताहिनी, लिंबू, तेल, गॅस, डबा, पगार, भाडं आणि डिलिव्हरी ॲपचं कमिशन धरून पुण्यात किती खर्च येईल, हे तिने कागदावर मांडावं. सुटीत ती घरी येईल तेव्हा दोघंही माझ्याकडे या, येताना तो कागद घेऊन या.