मुलगा पुढे व्यसनी होईल का?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. दुसरी-तिसरीपासून शाळेतून तक्रारी येतात. मारामाऱ्या, खोटं बोलणं, दुसऱ्यांच्या वस्तू उचलणं. गेल्या महिन्यात दप्तरात मावा सापडला. ह्यांनी पट्ट्याने मारलं. दीर म्हणतात, होस्टेलला टाका. हा पुढे दारुडा होणार का, या विचाराने झोप लागत नाही.
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, माव्यापेक्षा मला काळजी वाटते ती या तक्रारी इतक्या जुन्या असल्याची. नववीत एकदम उलट बोलायला लागलेली मुलं पुष्कळ असतात, त्यातली बहुतेक विशीत सावरतात. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. ज्यांची दांडगाई लहानपणीच सुरू झाली आणि थांबली नाही, त्यांच्यात मोठेपणी व्यसनं जास्त दिसली. पण जास्त म्हणजे सगळ्यांनाच, असं नव्हे.

हे घडतं कसं, ते मी रोज पाहते. दंगेखोर मुलाला वर्गाबाहेर उभं करतात. शेजारच्या आया आपल्या मुलांना त्याच्याशी खेळू देत नाहीत. वाढदिवसाचं बोलावणं येत नाही. मग उरतात टपरीवरची मोठी पोरं. ती त्याला नावं ठेवत नाहीत, शेजारी बसू देतात आणि पहिली पुडी फुकट देतात. होस्टेलमध्ये अशी पोरं त्याला पुन्हा भेटतील, तुम्ही मात्र जवळ नसाल. आणि पट्टा आजपासून बंद. माराने तो फक्त लपवायला शिकेल.

अमेरिकेत बाल्टिमोरला १९८५ च्या सुमारास पहिलीच्या काही वर्गांत शिक्षक एक खेळ घेत : मुलांचे गट पाडायचे, नियम पाळणाऱ्या गटाला बक्षीस. त्या वर्गांतले सर्वांत दांडगे मुलगे विशीत आले, तेव्हा इतर वर्गांतल्या तशाच मुलांपेक्षा त्यांच्यात व्यसनं कमी आढळली. तुमचा मुलगा पहिलीत नाही, हे खरं. पण चांगलं वागल्याची दखल त्याच दिवशी घेणं चौदाव्या वर्षीही उपयोगी पडतं.

कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याला दाखवा. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा त्रास आहे का, हे तपासून घ्या. अशा मुलांत ते वरचेवर सापडतं. त्याच्या गोळ्यांचीच सवय लागेल, अशी भीती पालकांना असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्या, तर त्यांनी व्यसनाचा धोका वाढत नाही. मावा देणाऱ्या पानवाल्याला स्पष्ट सांगा, अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ मोफत आहे.

घरात कुणी तंबाखू किंवा दारू घेतं का, हे पत्रात नाही. डॉक्टर ते विचारतीलच, तेव्हा पहिल्याच भेटीला मुलाच्या वडिलांनाही सोबत न्या.