पाव, पान आणि पदवी

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. पदवीला जपानी भाषा-संस्कृती घ्यायची म्हणते. नुसता भाषेचा कोर्स पुरे नाही का? – एक पालक, फोंडा

उत्तर : जेएलपीटी या जपानी भाषेच्या पातळी-परीक्षेपुरता पुरेल. पण तिच्यात बोलणे तपासतच नाहीत, त्यामुळे प्रमाणपत्र हाती आणि तोंडाला कुलूप, असे होते. शिवाय पदवीला जपानी हा मुख्य विषय असणाऱ्यांसाठी जपान सरकारची वेगळी शिष्यवृत्ती आहे. तिच्यातून साधारण वर्षभर तिथल्या विद्यापीठात शिकता येते. पदवीसाठी दिल्लीचे जेएनयू किंवा शांतिनिकेतन पाहा. जेएनयूचा प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेवर होतो, तेव्हा अर्जाची तारीख चुकवू नका.

मराठी मुलांना वाक्यरचना जड जात नाही. ‘वाताशी वा पान ओ ताबेमास’ म्हणजे ‘मी पाव खाते’. क्रियापद शेवटी, आणि ‘ओ’ हा कर्माचा प्रत्यय. हा ‘पान’ पोर्तुगीजांनी नेलेला, म्हणजे आपल्या पावाचा सख्खा भाऊ! अडते ते दीर्घ स्वरांत. ‘ओबासान’ मावशी-आत्या, ‘ओबाआसान’ आजी. रोमन लिपीवर विसंबणाऱ्यांची इथेच फसगत होते, म्हणून हिरागाना-काताकाना या दोन जपानी लिप्यांची ४६-४६ मूळ अक्षरे पहिल्या महिन्यातच हातात बसवावीत. खरा डोंगर कांजींचा, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांचा: रोजच्या वापराच्या अधिकृत यादीत २१३६. रोज पाच, आणि सुट्या नव्हे, शब्दांत घालून. एकाच चिन्हाचे उच्चार शब्दागणिक बदलतात.