बाटली भरलेलीच परत का येते?

प्रिय ताई, नमस्कार.
माझा मुलगा नववीत आहे, गेल्या महिन्यात त्याला चौदा पूर्ण झाली. सातवीपर्यंत पहिल्या दहात असायचा. जूनपासून मात्र शाळा नकोच म्हणतो. रोज सकाळी पोट दुखतं. शाळेतून आला की दप्तर दारात टाकून आधी बाथरूमकडे पळतो. डबा अर्धा तसाच, पाण्याची बाटली भरलेली. रविवारी मात्र गल्लीतल्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात चार-चार तास बसतो, जेवायला हाक मारावी लागते. आता म्हणतो, मी घरीच शिकतो, दहावी बाहेरून देतो. माझ्या भावाने होमस्कूलिंगचे व्हिडिओ पाठवलेत, दहावी-बारावी न करता अमेरिकेला शिकायला गेलेल्या मुंबईच्या मुलीची बातमीही पाठवली. ह्यांचं म्हणणं, आपल्या घराण्यात असलं कुणी केलं नाही, चार फटके दिले की जाईल शाळेत. मी पतसंस्थेत नोकरी करते, दहा ते सहा. घरी सासूबाई असतात, त्यांचे गुडघे धरलेत. कायद्याने असं घरी ठेवता येतं का? बाहेरून केलेल्या दहावीला पुढे किंमत असते का? दाखला काढून घेऊ का?
– एक आई, सांगली

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण आधी त्या बाटलीबद्दल बोलू या.

दिवसभर शाळेत असलेलं चौदा वर्षांचं पोरगं पाण्याचा घोट घेत नाही आणि घरी आल्या आल्या बाथरूमकडे पळतं. याचा अर्थ तो शाळेतल्या मुतारीत जात नाही. जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाही. डबाही बहुधा म्हणूनच उरतो, कारण कोरडं जेवण घशाखाली उतरत नाही. तुम्ही हे सगळं पाहिलंत, पत्रात लिहिलंतही, फक्त ते एकमेकांशी जोडलं नाहीत. यात तुमची चूक नाही. मी बावीस वर्षं हायस्कूलमध्ये शिकवलं, त्यातली बरीच वर्षं नववीची वर्गशिक्षिका होते, आणि मलाही एकदा ते जोडता आलं नव्हतं. एक मुलगा मधल्या सुट्टीनंतर रोज पाच-सात मिनिटं उशिरा यायचा आणि मी त्याला दाराबाहेर उभं करायचे. सगळे वर्गात गेले की मुतारी रिकामी होते, तेवढ्यासाठी तो थांबत होता. हे मला वर्ष संपताना कळलं, तेही शिपाईमामांकडून. त्याची माफी मागितली मी, पण त्याचं ते वर्ष काही परत देता आलं नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत नेमकं काय आहे ते मला इथून सांगता येणार नाही. कदाचित दाराला कडी नसेल आणि घाण असेल, एवढंच. कदाचित दहावीची पोरं दार ढकलत असतील, नावं ठेवत असतील, कुणी मोबाइलवर काही काढलं असेल. म्हणून या आठवड्यात दोन गोष्टी करा. एक, त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तास न् तास लघवी दाबून ठेवणाऱ्या मुलाला जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि पोटदुखीला ‘नाटक’ म्हणण्याआधी ती तपासायला हवी. दुसरं, त्याच्याशी बोला, पण समोर बसवून नको. या वयाची मुलं डोळ्याला डोळा भिडला की मिटतात. तो गाडीवर मागे बसलेला असताना किंवा तुम्ही शेंगा सोलत असताना बोला. ‘तुला कोणी त्रास देतं का?’ असं विचारलंत तर ‘नाही’ येईल. ‘मधल्या सुट्टीत कुठे बसतोस रे?’ असं विचारा. माझा अनुभव असा, की या प्रश्नाला मुलं खरं उत्तर देतात. जागा सांगता सांगता माणसंही सांगतात. त्यातून काही निघालं तर लगेच ‘मग सरांना का नाही सांगितलंस?’ म्हणू नका. ऐकून घ्या.

त्रास निघाला, तर मुख्याध्यापकांना तोंडी सांगून येऊ नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी आणि तिचं काम मुलांच्या सुरक्षिततेचंही आहे. अर्जात तिचं नाव घालाच. अंगाला हात लावण्याचा किंवा चित्रीकरणाचा प्रकार असेल तर शाळेची वाट बघत बसू नका. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा आणि पोलिसांत जा. आणि शाळेने हालचाल केली नाही तर त्याला तिथून काढा. तुकडी बदला, शाळा बदला किंवा घरी आणा. तिथेच टिकून दाखवणं म्हणजे शूरपणा, असं मी मुळीच मानत नाही. ह्यांना माझ्या वतीने एवढंच विचारा, की फटके खाऊन तो शाळेत गेला तरी तिथे पाणी पिईल का?

आता तुमचे प्रश्न. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 2010 पासून लागू आहे आणि तो सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणासाठी आहे. तुमच्या मुलाला चौदा पूर्ण झाली, त्यामुळे त्या बाजूची काळजी सोडा. बाहेरून दहावी देण्याचे मुख्य रस्ते दोन. पहिला आपल्या राज्य मंडळाचा, सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसायचं. पेपर तेच, तारखा त्याच, त्यामुळे ताणही बराचसा तोच. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा. ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे चौदा पूर्ण झालेल्यांना दहावीला प्रवेश मिळतो, मराठी माध्यम आहे, पाच विषय पुरतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि विषय सुटे सुटे देता येतात. तुमच्या मुलासारख्याला हा रस्ता जास्त मानवेल असं मला वाटतं. किंमत म्हणाल तर ही दहावी इतर कोणत्याही मंडळाच्या दहावीइतकीच धरली जाते. मुक्त विद्यालयाच्या बारावीवाल्यांना वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसू न देण्याचा नियमसुद्धा दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द ठरवला.

एक धोका मात्र आहे. विषय निवडायची मोकळीक मिळाली की मुलं पहिल्यांदा गणित सोडतात. तुमचा मुलगा मोटरच्या कामात रमतो. उद्या त्याला आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड करावासा वाटला किंवा दहावीनंतर तीन वर्षांचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा, तर गणित आणि विज्ञान लागणार. ते दोन विषय सोडायचे नाहीत ही अट आधीच ठरवा. आणि ते दुकान त्याचं बंद करू नका. जळलेली मोटर उघडायची, जुनी तार कापून काढायची, वेढे मोजून वहीत लिहायचे, नवी तार त्याच जाडीची आणि तितक्याच वेढ्यांची भरायची. एक आकडा चुकला की मोटर पुन्हा जळते. या मुलाला अभ्यासाचा कंटाळा आहे असं मला मुळीच वाटत नाही.

मुंबईच्या त्या मुलीची बातमी खरी आहे, 2016 ची. तिला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली ती प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतल्या पदकांच्या जोरावर. बारावी नसल्याने आयआयटीची दारं तिला बंदच होती, आणि तिला शिकवण्यासाठी तिच्या आईने नोकरी सोडली होती. व्हिडिओत ही शेवटची गोष्ट घाईने सांगून होते. तुमच्या घरी मात्र सगळं तिथेच येऊन थांबतं. तुम्ही दहा ते सहा बाहेर, सासूबाईंना उठा-बसायला त्रास. म्हणजे घरी शिकणं याचा अर्थ आठ तास तो, चार भिंती आणि मोबाइल. त्यात शाळेच्या भीतीवर काही न करता तो घरी आला, तर ती भीती घरात येऊन बसते. मग क्लासला जायचं नको होतं, मावशीच्या घरचं लग्न नको होतं. असं झालेली दोन मुलं मी जवळून पाहिली आहेत. मला सगळ्यात जास्त धास्ती याची आहे.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत करून बघा. गणिताचा जो धडा अजून वर्गात झालेला नाही, तो त्याला स्वतःच करू द्या. पुस्तक हाताशी नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. दिवसाचं वेळापत्रक त्यानेच आखायचं, कागदावर. सकाळी अभ्यास, दुपारी दुकान, संध्याकाळी मैदानावर दोन-चार पोरं. तुम्ही कामावरून आलात की रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसायचं आणि आज काय केलंस ते त्याने दाखवायचं. त्या अर्ध्या तासाला ह्यांनीही बसावं, नुसतं बसलं तरी चालेल. अडलेलं गणित दाखवायला एखादा माणूस आहे का, तेही तेव्हाच शोधा. दहा दिवसांत त्यालाच कळेल, त्याला घरी शिकायचंय की शाळेतून फक्त सुटायचंय. दोन्ही उत्तरं चालतील. सुटायचंय म्हणाला तर दुसरी शाळा बघा, शिकायचंय म्हणाला तर नववीनंतर एनआयओएस.

दाखला मात्र आत्ता काढू नका. धोका निघाला तर त्याला उद्यापासून घरी ठेवा, शाळेला लेखी कळवा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. त्याने काही बिघडत नाही. पण रागाच्या भरात दाखला हातात घेतला की तो कुठेच नसतो, आणि वर्षाच्या मध्यात नवी शाळा त्याला घेताना शंभर प्रश्न विचारते. शक्य असेल तर नववी पास होऊ द्या, मग एप्रिल-मेमध्ये काढा. तेव्हा जन्मतारीख, जात आणि नावाचं स्पेलिंग खिडकीवरच तपासून घ्या.

पण हे सगळं नंतरचं. आज रात्री फक्त त्याला विचारा, मधल्या सुट्टीत तो कुठे बसतो. काय म्हणाला ते मला लिहा.